रात्री तापणारा कांदा आणि एकाच फाइलीत पुरलेले बावन्न दिवस

मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं तेव्हा त्यावर एकच फाइल होती: लॉग०४२७.सीएसव्ही. आकार साडेआठ किलोबाइटच्या आसपास, नोंदींच्या ओळी ३४०. मिनिटाला एक ओळ धरली तर पावणेसहा तासही भरत नाहीत. तापमान आणि आर्द्रता टिपणारं यंत्र कांद्याच्या चाळीत लावून त्या दिवशी बावन्न दिवस झाले होते. हिशेबाने ७४,८८० ओळी हव्या होत्या.

चाळ मामांची. निफाड तालुक्यात, उन्हाळ कांद्याची. एप्रिलच्या शेवटी चाळ भरली की पुढचे चार-पाच महिने भाव, सड आणि कोंब या तिघांची शर्यत लागते. साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी, असं सांगतात. पण चाळीच्या आत, ढिगाच्या मध्यावर नेमकं काय असतं हे मामांना हवं होतं. मी म्हटलं, मी करून देतो. इथून पुढची चूक सगळी माझी.

यंत्र साधं होतं. ईएसपी३२ बोर्ड (म्हणजे छोटा संगणकच), तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, डीएस३२३१ घड्याळाची चिप आणि ८ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड. मूळ अवतार आर्डुइनो उनो या दुसऱ्या, कमी मेमरीच्या बोर्डावर होता आणि माझ्या टेबलावर महिनाभर बिनतक्रार चालला होता. मग मामा म्हणाले, आकडे तिथल्या तिथे दिसले तर बरं. छोटा ओएलईडी पडदा जोडला आणि उनोचा जीव गुदमरला. त्याची चालू मेमरी सगळी मिळून २ केबी. त्यातली १ केबी पडद्याच्या चित्रालाच लागते, अर्धा केबी एसडी कार्डाच्या बफरला, म्हणजे लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या जागेला. उरलेल्या अर्ध्या केबीत बाकीचा संसार. बोर्ड मध्येच हँग व्हायला लागला. म्हणून तोच कोड ईएसपी३२ वर नेला. एक-दोन पिनांचे आकडे बदलले, फाइलच्या नावाआधी तिरकी रेघ द्यावी लागते तेवढी दिली. पहिल्या फटक्यात कंपाइल झाला, म्हणजे बोर्डाला कळेल अशा रूपात बिनचूक बदलला. अशा वेळी खरं तर संशय यायला हवा, मला आनंद झाला.

फाइलचं नाव मी तारखेवरून करत होतो. बोर्ड सुरू झाला की घड्याळाला तारीख विचारायची, महिना आणि दिवस जोडून नाव बनवायचं, फाइल एकदाच उघडायची आणि दर मिनिटाला एक ओळ लिहून ती लगेच फ्लश करायची, म्हणजे कार्डावर उतरवायची. शेतावरची लाईट दिवसातून पाच-सहा वेळा जाणार हे गृहीतच होतं. त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं तर त्याच फाइलच्या शेवटी भर पडेल, दुसऱ्या दिवशी सुरू झालं तर नवी फाइल होईल. कागदावर यात खोट नव्हती.

पहिला संशय अर्थात कार्डावर. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास मिळतात. वर ८ जीबी छापलेलं, आत तेवढी जागाच नाही, आणि मर्यादेपलीकडे लिहिलेलं सरळ हवेत जातं. पण पूर्ण ५२ दिवसांच्या नोंदी तरी किती? एक ओळ २६ बाइट, म्हणजे दिवसाला ३७,४४० बाइट आणि बावन्न दिवसांचे दोन एमबीसुद्धा नाहीत. मोबाइलवरचा एक फोटो याहून मोठा असतो. खोटं कार्डही एवढं लिहून घेतं. दुसरा संशय वीजपुरवठ्यावर: कार्ड लिहिताना करंट ओढतं, व्होल्टेज पडलं की बोर्ड रीसेट होतो, फाइल अर्धवट राहते. तेही खरं असू शकलं असतं, पण मग फाइल तुटकी दिसली असती. ही फाइल नीटनेटकी होती. पहिली ओळ मथळ्याची, मग २७ एप्रिल रात्री ९:१४ पासून २८ एप्रिल पहाटे २:५३ पर्यंत एकही मिनिट न चुकता.

मी ओट्यावर बसून हे आकडे मामांना वाचून दाखवत होतो. नऊ वाजून चौदा मिनिटं, २५.१. अकरा वाजता २६.३. एक वाजता २८.२. दोन त्रेपन्नला २९.८.

मामांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "रात्रीचा कांदा तापतो का रे कुठं?"

गप्प झालो. रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत तापमान साडेचार अंशांनी चढलेलं होतं. आकडे दिवसाचेच होते, वेळ रात्रीची लागली होती. आणि मग लक्षात आलं की यंत्र मी लावलं २८ एप्रिलला सकाळी. २७ तारखेला रात्री ते चाळीत नव्हतंच, माझ्या टेबलावर होतं. त्या रात्री सव्वानऊच्या सुमारास मी काय करत होतो? कोड कंपाइल करत होतो.

कार्ड काढलं १९ जूनला सकाळी ११:२० ला. तिथून ३३९ मिनिटं मागे गेलं की येतात पहाटेची ५:४१. "लाईट आज पावणेसहाला आली," मामा म्हणाले. गणित जुळलं.

घड्याळ बरोबर होतं, काटे मी फिरवत होतो

डीएस३२३१ ही चिप भरवशाची. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला मिनिटभर. खाली सीआर२०३२ सेल असतो, लाईट गेली तरी ती चालूच राहते. सेल पडला तर चिप एक खूण वर करते: माझा वीजपुरवठा तुटला होता, माझी वेळ खरी मानू नका. नमुना कोडमध्ये ही खूण तपासून, गरज असेल तरच, कंपाइलची वेळ घड्याळात भरतात. कंपाइलच्या क्षणाची तारीख-वेळ कोडमध्ये कायमची गोठवलेली असते. नवं घड्याळ पहिल्यांदा लावायला ती सोय छान आहे.

मी ती ओळ त्या अटीच्या बाहेर काढली होती. टेबलावर एकदा घड्याळ पाच मिनिटं मागे वाटलं, लगेच लावायचं होतं, म्हणून. परत आत टाकायची राहिली. त्यामुळे चाळीत काय होत होतं? लाईट जायची, घड्याळ सेलवर बरोबर चालत राहायचं. लाईट यायची, बोर्ड सुरू व्हायचा आणि पहिलं काम म्हणून त्या बरोबर घड्याळाला २७ एप्रिल, रात्रीचे ९:१४ वर नेऊन बसवायचा. मग तारीख विचारायचा. घड्याळ सांगायचं, सत्तावीस एप्रिल. नाव तयार: लॉग०४२७. रोज तेच, दर वेळी तेच.

एवढ्याने नुकसान व्हायचं कारण नव्हतं. एकच लांबलचक फाइल झाली असती, तिच्यात वेळ पुन्हापुन्हा ९:१४ वर उडी मारताना दिसली असती, पण आकडे जागेवर असते. ते गेले दुसऱ्या गोष्टीमुळे.

उनोच्या एसडी लायब्ररीत, म्हणजे कार्ड हाताळणाऱ्या तयार कोडमध्ये, फाइल_राइट असं म्हणून फाइल उघडली की लिहिणं फाइलच्या शेवटापासून सुरू होतं. जुनं जसंच्या तसं, नवं त्याच्या खाली. ईएसपी३२ च्या लायब्ररीतही फाइल_राइट हाच शब्द आहे. स्पेलिंग तेच, वापरायची जागा तीच. पण त्याच्यामागे सी भाषेतला डब्ल्यू दडलेला आहे: फाइल असेल तर रिकामी कर, मग लिही. शेवटी भर घालायची असेल तर तिथे फाइल_अपेंड हा वेगळा शब्द लागतो. कंपायलर यात काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबरच आहेत.

टेबलावर हे का दिसलं नाही, हा प्रश्न मला फार छळला. उत्तर लाजिरवाणं आहे. उनोवर मी रीसेट करून पाहिलं होतं, जुन्या ओळी शाबूत होत्या, म्हणून "भर पडते" या कलमापुढे बरोबरची खूण केली होती. ईएसपी३२ वर मी फक्त पडदा चालतो का ते पाहिलं. परीक्षा एका बोर्डाने दिली आणि नोकरीवर दुसरा हजर झाला.

आता उलट विचार करून पाहा. घड्याळाची चूक नसती आणि फक्त डब्ल्यूची असती तर? कार्डावर पन्नासेक फाइली दिसल्या असत्या, प्रत्येकीचं नाव बरोबर, वेळा बरोबर. फक्त प्रत्येक फाइलीत त्या दिवशी लाईट शेवटची आल्यानंतरच्याच नोंदी असत्या, आधीच्या पुसलेल्या. मी खुशाल आलेख काढले असते, सरासऱ्या काढल्या असत्या, आणि "दुपारच्या नोंदी जरा कमीच आहेत, लाईट नसेल" म्हणून पुढे गेलो असतो. एका चुकीने दुसरीला उघडं पाडलं. एकटी असती तर डब्ल्यूची चूक पचली असती.

कार्डाच्या पोटात

पुसलं म्हणजे खरंच पुसलं का? कार्डावर फाइली ठेवण्याच्या फॅट पद्धतीत फाइल रिकामी करताना मजकुरावर बोळा फिरवत नाहीत. फाइलच्या नोंदीतला आकार शून्य होतो आणि तिचे क्लस्टर, म्हणजे तिने व्यापलेले जागेचे तुकडे, मोकळे म्हणून जाहीर होतात. मजकूर तिथेच पडून राहतो, कोणी वरून लिहीपर्यंत. म्हणून पहिलं काम केलं ते कार्डाला हात न लावण्याचं. लिनक्सवर डीडी ही कमांड चालवून पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली आणि पुढची सगळी उकराउकर त्या प्रतीवर केली. हे वाचणाऱ्या कोणावर अशी वेळ आली तर एवढंच करा: कार्ड परत यंत्रात घालून "बघू या काय होतं" करू नका. दर सुरुवातीला थोडं आणखी जातं.

ईएसपी३२ च्या पोटात फॅटएफएस नावाची लायब्ररी कार्ड हाताळते. ती फाइल रिकामी केल्यावर जागेचा शोध त्याच जुन्या जागेपासून सुरू करते, मोकळं झालेलं भोक आधी भरते. कार्डावर दुसरी फाइल नव्हती. त्यामुळे लॉग०४२७ दर वेळी अगदी त्याच ठिकाणी, पहिल्या बाइटापासून नव्याने लिहिली जात होती. पाटीवर ओल्या बोटाने अर्धं पुसून वर लिहावं, तशी. सगळ्यात ताजा फेरा (लाईट आल्यापासून जाईपर्यंतच्या नोंदी) वर, आणि तो जिथे संपतो तिथून पुढे आधीच्या, जास्त लांब चाललेल्या फेऱ्यांची शेपटं.

तो सांधा मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तासभर पाहत बसलो. फाइल ८,८५४ बाइटला संपते. कार्डावर मात्र ५१२ बाइटचा सेक्टर एकदम लिहिला जातो, आणि शेवटच्या सेक्टरात खऱ्या नोंदी फक्त १५० बाइट होत्या. उरलेल्या ३६२ बाइटमध्ये कचरा होता, पण ओळखीचा: बफरमध्ये राहून गेलेल्या, आधीच्या सेक्टरातल्याच ओळी पुन्हा. त्यानंतर ९,२१६ व्या बाइटला सेक्टर बदलतो आणि जुना थर सुरू होतो. त्यातली पहिली पूर्ण ओळ:

२८-०४ ०३:०८:००,३८.६,२४.१

पुन्हा वाचा. आधीचा फेरा २:५३ ला संपला, मध्ये चौदा मिनिटांचा कचरा, आणि पुढे ३:०८. वेळेचा धागा तुटलेलाच नाही! प्रत्येक फेरा ९:१४ लाच सुरू होत होता आणि प्रत्येक ओळ बरोबर २६ बाइटची होती, त्यामुळे कार्डावरच्या एका ठरावीक जागी कुठल्याही फेऱ्यात तीच वेळ पडायची. केवळ वेळेचा रकाना पाहणाऱ्याला हे सगळं एकाच सलग रात्रीचं-दिवसाचं वाटलं असतं. आकडे मात्र ओरडून सांगत होते. २९.८ अंश आणि ७४ टक्के आर्द्रतेवरून उडी थेट ३८.६ आणि २४ वर. वर जूनमधली पावसाळी सकाळ, खाली मे महिन्यातली भर दुपार. थंडीच्या बातम्यांत ज्या निफाडचं नाव येतं तिथे पहाटे तीन वाजता साडेअडतीस अंश!

असे चार थर सापडले. सगळ्यात लांब फेरा ६१ तासांचा. त्यापलीकडे कार्ड कोरं, म्हणजे बावन्न दिवसांत सलग ६१ तासांहून जास्त लाईट एकदाही टिकली नाही. एकूण हाती आलं ते ३,६०० ओळींच्या आसपास, पाच टक्क्यांच्याही आत. आणि या ओळी कुठल्या तारखेच्या हे नक्की सांगायला काहीच आधार नाही. एका थरात आर्द्रता तासाभरात तीसवरून ऐंशीवर जाते, तो वळवाचा पाऊस असणार. मामांना मे महिन्यातले दोन वळीव आठवत होते. कुठला, ते नाही. मी ते आकडे वेगळ्या फाइलीत ठेवले आणि तारखेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं.

दुरुस्ती, आणि तिच्यातली एक फसलेली

घड्याळाची ओळ अटीच्या आत गेली, फाइल_राइटच्या जागी फाइल_अपेंड आलं. खरं तर इथे थांबता आलं असतं. पण फाइलचं नाव घड्याळाच्या भरवशावर ठेवायला आता मन तयार नव्हतं. सेल पडला की दर वेळी लाईट आल्यावर खूण वर दिसते, कोड पुन्हा कंपाइलचीच वेळ भरतो, आणि मग पुन्हा सगळ्या फाइली एकाच नावाच्या. वेळ ओळीत चुकली तर मागाहून दुरुस्त करता येते, नाव चुकलं तर दुरुस्त करायला ओळच उरत नाही.

म्हणून क्रमांक. याचा सगळीकडे चालणारा नमुना असा: लॉग००, लॉग०१ करत जायचं, प्रत्येक नाव कार्डावर आहे का विचारायचं, जे नाही ते घ्यायचं. मीही तेच लिहिलं आणि लावण्याआधी नशिबाने बोटांवर मोजलं. दिवसाला सहा वेळा लाईट जाते, नावं शंभर. सतराव्या दिवशी ९९ संपतात. त्यानंतर मोकळं नाव न मिळता लूप संपतो, आणि पुढे काय करायचं हे लिहिलेलं नसेल तर कोड मुकाट ९९ लाच उघडतो. डब्ल्यूने उघडली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आकडे पाच केले: लॉग००००१. अक्षरं आठच्या आत मुद्दाम ठेवली. उनोच्या लायब्ररीला आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं एवढंच नाव झेपतं, "कांदाचाळ-मामा" असलं लांब नाव दिलं की फाइल उघडतच नाही आणि ती कारणही सांगत नाही. ईएसपी३२ वर लांब नाव चालतं, पण बोर्ड बदलण्याची किंमत एकदा मोजून झाली होती.

पण हजारभर फाइली झाल्यावर दर सुरुवातीला एकपासून विचारत जाणं महाग पडतं. प्रत्येक "आहे का?" ला लायब्ररी फोल्डरची यादी पहिल्यापासून चाळते. म्हणून शेवटचा क्रमांक बोर्डाच्या स्वतःच्या कायम मेमरीत, प्रेफरन्सेसमध्ये ठेवला. सुरू झालं की तो वाचायचा, एक वाढवायचा, आधी जपून ठेवायचा आणि मगच फाइल उघडायची. उनोवर हेच काम ईईप्रॉम करतो. त्याच्या एका घराला एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते, दिवसाला सहाच्या दराने पंचेचाळीस वर्षं पुरेल. कार्ड बदललं तरी क्रमांक पुढेच चालतो, हा यातला फायदा. बोर्ड बदलला तर मात्र तो पुन्हा एकपासून सुरू होईल. म्हणून "हे नाव कार्डावर आहे का" ही तपासणी ठेवलीच: असेल तर पुढचा क्रमांक.

दोन बारीक गोष्टी चाळीत गेल्यावरच कळल्या असत्या, त्या मामांनी आधीच सांगितल्या. लाईट येते तेव्हा सरळ येत नाही, दोन-तीन झटके देऊन येते. प्रत्येक झटक्याला एक रिकामी फाइल झाली असती. त्यामुळे सुरू झाल्यावर वीस सेकंद नुसतं थांबायचं, लाईट टिकली तर फाइल उघडायची. आणि फाइल उघडलीच नाही तर पडद्यावर मोठ्या अक्षरात "नोंद बंद". आधी माझा कोड अशा वेळी तापमान दाखवत बसायचा, जणू सगळं आलबेल.

यूपीएस का नाही लावला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस आता लावला आहे. पण तो एप्रिलमध्येच लावला असता तर लाईट जाण्याचा आणि बोर्डाचा संबंधच आला नसता, आणि डब्ल्यू तसाच दबा धरून बसला असता, यूपीएसची बॅटरी मरेपर्यंत.

या वेळी परीक्षा त्याच बोर्डाची, त्याच कार्डावर घेतली. तीसहून जास्त वेळा प्लग उपसला: कधी लिहिण्याच्या ऐन क्षणी, कधी वीस सेकंदांच्या आत, कधी घड्याळाचा सेल काढून. वीस सेकंदांच्या आतले धरले नाहीत तर तीस फाइली हव्या होत्या. तीस मिळाल्या. सेल काढलेल्या फाइलींतल्या ओळींवर कंपाइलचीच वेळ होती, पण ओळी होत्या.

कार्ड फॉरमॅट करून २८ जूनला यंत्र परत चाळीत टांगलं. महिन्याने गेलो तेव्हा यूपीएस असूनही लांबच्या भारनियमनाने बोर्ड अधूनमधून बंद पडलाच होता. कार्डावर ४४ फाइली होत्या. मामांनी चष्मा लावून लॅपटॉपच्या पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग परत वर आले आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. लॉग०००३१.

"आणि आधीच्या तीस कुठं घालवल्यास?"